डिझेलमध्ये 'दवाई' टाकावी का? (जुनी कॉमन रेल गाडी, नागपूर)

झिरोमाईल | रविवार, सकाळी ८:४०

मंडळी, सल्ला पाहिजे.

गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, कॉमन रेल इंजिन (एका सामाईक नळीतून जबर दाबाने सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं), १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. रोज मनीषनगर ते बुटीबोरी जाणं-येणं. डिसेंबर लागल्यापासून सकाळचा पहिला स्टार्ट लांबतो. सेल्फ तीन-चार सेकंद फिरतो तेव्हा कुठे इंजिन उचलतं, आणि मग मिनिटभर टकटक जरा जास्तच ऐकू येते. एकदा गरम झाली की दिवसभर नाव ठेवायला जागा नाही. ॲव्हरेज १९ च्या आसपास, पूर्वीइतकंच.

तिघांना विचारलं. पंपावरचा पोरगा म्हणाला, "सर, ही बाटली टाका, इंजेक्टर साफ होते." साडेतीनशे रुपये. भिडेखातर घेतली, अजून सील फोडलेलं नाही. मिस्त्री म्हणतो, "बाटलीबिटली सोडा साहेब, दर टाकीला २०० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक स्कूटरचं ऑइल टाकत जा. बीएस सिक्सचं डिझेल कोरडं हाय, पंप खाऊन टाकते." मेहुण्यांचं मत, पैसे जास्त झाले असतील तर मला दे.

ते 'कोरडं डिझेल' तेव्हापासून डोक्यात बसलंय. डिझेल कोरडं कसं असेल? आणि असलंच तर माझी गाडी ज्या काळातली आहे त्या काळचं डिझेल वेगळं होतं, मग तिला हे नवं डिझेल मानवतंय का?

---

पारडी_नाका | ९:१५

भाऊ, माह्याकडं सात गाड्या हायेत, दहा चाकी अन् बारा चाकी. बापाच्या काळापासून धंदा हाय. दवाई कोणत्याच गाडीत टाकत नाई. डिझेल बांधल्या पंपावरून, फिल्टर टायमावर, अन् ड्रायव्हरनं फिल्टरखालचं पाणी काढलंच पाहिजे. ज्यानं नाई काढलं त्याचा भत्ता कापतो मी. बाटल्यायचे पैसे वाचवून चार टायर आले असतीन आतापर्यंत.

तुमी पाणी कधी काढलं होतं शेवटी?

---

झिरोमाईल | ९:३२

पाणी काढायचं असतं हेच आत्ता कळलं. :(

---

पारडी_नाका | ९:३४

बाप्पा.

---

दोनशेला_एक | १०:०५

माझी २००६ ची जीप, रोटरी पंप. आठ वर्षं झाली, प्रत्येक टाकीला टू-टी टाकतो, प्रमाण माझ्या आयडीतच आहे. :) आवाज मऊ होतो, धूर कमी होतो, पंप एकदाही उघडावा लागला नाही. माझ्या आधीच्या मालकाने दोनदा उघडला होता. अनुभव आहे, थिअरी नाही. मिस्त्री बरोबर सांगतोय, ऐका त्याचं.

---

निवृत्त_रसायनी | ११:५०

इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली, त्यामुळे ह्या 'कोरडं' शब्दावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मिस्त्री चूक बोलत नाही, अर्धं बोलतोय.

डिझेल हे नुसतं जाळायचं तेल नाही. कॉमन रेलच्या हाय प्रेशर पंपाला वेगळं वंगण नसतं. आतले प्लंजर, कॅम हे सगळं त्यातून वाहणाऱ्या डिझेलवरच तरतं. इंजेक्टरची सुईही तशीच. जुन्या ट्रकच्या इनलाइन पंपात निदान खालच्या कॅमला इंजिन ऑइल मिळायचं. तुमच्या पंपाला तेही नाही, आणि दाब मात्र दीड-दोन हजार बारच्या घरातला. म्हणून डिझेलमध्ये स्वतःचा वंगणपणा असावा लागतो.

आता गंधक. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम. बीएस तीनच्या डिझेलमध्ये ते दहा लाखांत ३५० भागांपर्यंत चालायचं, बीएस चारमध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सहा, म्हणजे १०. हे गंधक काढायला रिफायनरीत डिझेल तापवून, हायड्रोजनच्या दाबाखाली उत्प्रेरकावरून नेतात. गंधक जातं, पण त्याबरोबर धातूच्या अंगाला चिकटून राहणारे ऑक्सिजन-नायट्रोजनवाले काही अंशही जातात. वंगणपणा होता तो ह्यांचा, गंधकाचा नव्हे. लोक म्हणतात गंधक गेलं म्हणून डिझेल कोरडं झालं. सोबत गेलेल्यांची नावंच कोणी घेत नाही.

हे काल्पनिक भय नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनने अगदी कमी गंधकाचं डिझेल आणलं तेव्हा तिथे पंप खरोखरच लवकर झिजून गेले. त्यानंतर वंगणपणाची चाचणी मानकांतच आली. डिझेलचं आपलं भारतीय मानक आयएस १४६०, त्यातही ती आहे. ६० अंशाच्या डिझेलमध्ये पोलादाची छोटी गोळी तबकडीवर ठेवायची, वर २०० ग्रॅमचा भार, आणि सेकंदाला ५० वेळा अशी ७५ मिनिटं घासायची. मग गोळीवर पडलेला डाग भिंगाखाली मोजायचा. तो ४६० मायक्रॉनच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असला तर पास. मी असे डाग शेकड्यांनी मोजलेत. डोळ्यांना तो टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. भिंगातून बघितलं की नांगरलेलं शेत, एकाच दिशेच्या सऱ्या.

ह्या मर्यादेत बसण्यासाठी रिफायनरीतच औषध मिसळतात, मेदाम्लं किंवा त्यांची एस्टर. प्रमाण साधारण दहा लाखांत शंभर-दोनशे भाग. ४० लिटरच्या टाकीला हिशेब केला तर जास्तीत जास्त सहा-सात ग्रॅम, चहाचा दीड चमचा. तुमच्या मिस्त्रीला सांगा, दवाई पडलेली आहे. तुम्ही पंपावर जायच्या आधीच.

---

बिनधास्त_बर्डी | १२:२०

काका, दीड चमचा आधीच पडलेला असताना वर २०० मिली ओतायचं म्हणजे सावजीच्या रश्श्यावर अजून तर्री मागण्यासारखं झालं. कोणी मागत नाही असं नाही.

---

दोनशेला_एक | १२:४१

तर्री मागणाऱ्यांच्या बाजूने मी आहेच. :)

पण रसायनी काका, कागदावरची मर्यादा ठीक आहे. टँकर डेपोतून निघाल्यावर पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत काय होतं ते कोण बघतं? घासलेट मिसळलं तर तुमचा दीड चमचा कुठे पुरणार?

---

निवृत्त_रसायनी | १:३०

हा प्रश्न बरोबर आहे. घासलेट पातळ असतं आणि त्याला वंगणपणा कमी, त्यामुळे भेसळीच्या डिझेलवर पंप लवकर जातो यात शंका नाही. पण त्यावर उपाय टू-टी नाही. पंप बदला. घनता बघायला मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. पेट्रोलसारखी फिल्टर पेपरची चाचणी डिझेलला लागू पडत नाही, डिझेलला हायड्रोमीटर.

इथे नागपुरात एक गंमत होते. मे महिन्यात दुपारी ४५ अंशात लोक घनता मोजायला लावतात आणि आकडा (घनमीटरला किलो) पंपावर लिहिलेल्या आकड्याहून वीसने कमी आला की भांडण सुरू. लिहिलेली घनता १५ अंशावरची असते. डिझेल फुगतं, अंशागणिक साधारण ०.७ ने घनता उतरते. ३० अंशांच्या फरकाला वीस-एकवीस उतरणारच. पंपावर तक्ता असतो, त्यावरून आकडा १५ अंशावर आणायचा. तसा आणून मग ३ पेक्षा जास्त फरक पडला तर जरूर बोंब मारा.

तुमच्या २००६ च्या रोटरी पंपाबद्दल: टू-टी ने नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. तो पंप पूर्ण डिझेलच्या वंगणावर चालतो आणि थोडं जास्तीचं तेल त्याला रुचत असेल. आवाज मऊ होतो यावर मात्र माझा भरवसा नाही. कान हे मोजमाप नव्हे.

---

दोनशेला_एक | १:३८

काका, कानावर भरवसा नसता तर सगळे मिस्त्री उपाशी मेले असते.

---

समृद्धी_१२० | ४:१०

माझी २०२२ ची बीएस सहा एसयूव्ही. महिन्यातून दोनदा समृद्धीने संभाजीनगर, बाकी वेळ धंतोली ते सदर. वरचं वाचून मलाही मोह होतोय थोडं टू-टी टाकायचा. शहरात फिरताना डीपीएफचा दिवा दोनदा लागलाय.

---

निवृत्त_रसायनी | ४:५५

नको. तुमच्या गाडीत अजिबात नको.

डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधली जाळी. काजळी तिथे अडकते आणि गाडी काही वेळ बऱ्या वेगाने चालली की तापून जळून जाते. काजळी जळते, राख जळत नाही. बऱ्याच टू-टी तेलांत आणि काही बाटल्यांत धातूचे अंश असतात, त्यांची राख होते आणि ती जाळीत कायमची बसते. इंजिन ऑइलही म्हणूनच कमी राखेचं सांगितलेलं असतं. लाखभर रुपयांची जाळी तीनशे रुपयांच्या तेलाने भरू नका. शिवाय वॉरंटीच्या काळात टाकीत भलतं काही सापडलं तर कंपनी हात वर करते, आणि त्यात तिची चूक नसते.

दिवा लागतो तो तुमच्या धंतोली-सदरमुळे. जाळी तापायच्या आत गाडी पार्क होते. दिवा लागला की वर्धा रोडला वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने काढा, मधे बंद करू नका. समृद्धीवर तर ते काम आपोआपच होत असेल.

---

समृद्धी_१२० | ५:०२

होय, समृद्धीहून आलो की आठ-दहा दिवस शांतता असते. आता कळलं. आभार काका.

---

बिनधास्त_बर्डी | ५:२५

जाळीचा विषय निघालाय तर माझ्या भावाचा पराक्रम सांगतो. त्याच्या गाडीला एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची, म्हणजे डीईएफची, वेगळी टाकी आहे. एका पंपावर डबा विकत घेतला, पोराला म्हणाला टाकून दे, आणि फोनवर बोलत बाजूला गेला. पोराने अख्खं डीईएफ डिझेलच्या टाकीत. दोन्ही झाकणं शेजारी-शेजारी, एक निळं. चालू केली, चौथ्या सिग्नलला बंद. मग टाकी उतरवणं, लाइन धुणं, इंजेक्टर, पंप… आकडा वहिनीला अजून कमी करूनच सांगितलेला आहे.

---

डीजी_वाला | ५:५०

हे आमच्याकडेही बघितलंय. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. डिझेलपेक्षा जड, म्हणून थेट तळाशी जातं, आणि उचलायचा पाइपही तळाशीच असतो. चावी फिरवली नसती तर फक्त टाकी रिकामी करून भागलं असतं. चुकून पडलं तर चावीला हातच लावायचा नाही, टो करा.

मूळ धाग्याबद्दल. मी जनरेटरची देखभाल करतो, रामदासपेठ, धरमपेठ, काही कारखाने. गाडीवाल्यांना दवाई लागत नाही हे मान्य, पण आमच्या धंद्यात एक दवाई मी स्वतः वापरतो, ती म्हणजे बुरशीची.

गाडीचं डिझेल आठवड्यात संपतं. सोसायटीच्या डीजीचं डिझेल वर्ष-वर्ष पडून असतं. टाकीला श्वासाचं भोक असतं, पावसाळ्यात दमट हवा आत जाते, रात्री थंड होऊन भिंतीला दव धरतं आणि ते पाणी तळाला बसतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. हो, डिझेल खाऊन जगतात. वर डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, ते वंगणपणाला उत्तम पण ओलावा जास्त धरून ठेवतं, म्हणजे ह्या मंडळींची सोय.

मागच्या वर्षी एका इमारतीत लाइट गेली, डीजी सुरू झाला, वीस मिनिटांत बसला. लिफ्टमध्ये दोघं अडकले. फिल्टर उघडला तर कागदावर काळपट-तपकिरी साय, बोटाने ओढली तर लांब येईल अशी, आणि वास आंबलेल्या पेंडीचा. टाकीच्या तळातून दोन बादल्या पाणी निघालं. सेक्रेटरी विचारतात, डिझेल तर दोन वर्षांपूर्वी चांगल्या पंपावरून भरलं होतं, असं कसं? दोन वर्षांपूर्वी, हेच तर.

तिथे बायोसाइड टाकावंच लागलं. पण आधी पाणी काढलं, टाकी आतून पुसली. पाणी तसंच ठेवून नुसती दवाई ओतली की मेलेली बुरशी सगळी एकदम फिल्टरमध्ये येते आणि सेट पुन्हा बंद.

---

संत्र्याची_वाडी | रात्री ८:३०

डीजी_वाला भाऊ, तुमची ती साय वाचून अंगावर काटा आला, कारण मी ती बघितली आहे आणि मला वाटलं होतं कोणी मुद्दाम काहीतरी टाकलं.

आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, फवारणीला ट्रॅक्टर लागतो. पंप गावापासून लांब, म्हणून सासऱ्यांच्या काळापासून २०० लिटरचा ड्रम भरून गोठ्यामागे उभा ठेवायची पद्धत. वरच्या तोंडाला झाकण होतं पण वॉशर कधीच गेलेला. पावसाचं पाणी ड्रमच्या माथ्यावर साचायचं, दुपारी ड्रम तापायचा, रात्री निवायचा आणि ते साचलेलं पाणी आत ओढून घ्यायचा. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की ऐन मृग बहराच्या फवारणीत ट्रॅक्टर धक्के खात बंद पडतो. मिस्त्रीने दोनदा एअर काढली, नोझल बदलली, पंप कॅलिब्रेशनला नागपूरला पाठवला. नऊ हजार तिथे गेले आणि चार दिवस फवारणी थांबली ते वेगळंच.

शेवटी मुलाने ड्रमचं डिझेल तळापासून काचेच्या बरणीत काढलं. खाली चार बोटं पाणी, मधे काळा पापुद्रा, वर डिझेल.

आता ड्रम आडवा ठेवतो, दोन्ही बुचं पाण्याखाली… म्हणजे डिझेलच्या पातळीखाली येतील असा, मागची बाजू जरा खाली. वर पत्रा. काढायचं ते तळापासून चार बोटं सोडून, आणि जाळीच्या गाळणीतून. दोन हंगाम झाले, काही त्रास नाही. दवाई एक थेंब नाही.

---

पारडी_नाका | ८:४४

ताई, एक नंबर काम केलं. आमचे ड्रायव्हर लोक बी आडवाच ठेवतेत ड्रम. वॉशर मात्र दरसाल बदला, दहा रुपयांची वस्तू हाय.

घासलेटावरून सांगतो. आमची गाडी आधी लेहपर्यंत जायची, तिथं थंडीत डिझेल तुपासारखं थिजते. ड्रायव्हर घासलेट मिसळायचे अन् टाकीखाली शेगडी पेटवायचे, मी सोता पाह्यलं. २०१९ पासून तिथं हिवाळ्याचं वेगळं डिझेल येते, उणे ३३ ले बी वाहते म्हणे. ते पाहून इकडचे काही पोट्टे थंडीत घासलेट टाकतेत. अबे, नागपूर हाय हे. २०१८ च्या डिसेंबरात साडेतीनवर आला होता पारा, तवा बी कोनाचं डिझेल थिजलं नाई.

---

झिरोमाईल | ९:१०

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. काका, एकच राहिलं. ती साडेतीनशेची बाटली. 'इंजेक्टर क्लीनर, सिटेन बूस्टर, ईजीआर क्लीनर' असं तीनही लिहिलंय. टाकू की नको?

---

निवृत्त_रसायनी | ९:५५

'ईजीआर क्लीनर' वाचलं की उरलेल्या दोन दाव्यांवरचाही विश्वास उडतो. ईजीआर म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप. टाकीतलं डिझेल इंजेक्टरमधून थेट सिलिंडरमध्ये जातं. ईजीआर आणि इनटेकच्या नळीत बसलेली काजळी त्याच्या वाटेवरच येत नाही. ती खोलूनच खरवडावी लागते.

सिटेन म्हणजे डिझेल किती चटकन पेट घेतं ते. मानकात किमान ५१ आहे. बाटलीत बहुधा एक नायट्रेट असतं, त्याने दोन-चार अंक वाढतात, थंडीतली टकटक थोडी कमी होते. खोटं नाही, पण पुढच्या टाकीला संपलं.

इंजेक्टर साफ करणारं डिटर्जंट खरंच काम करतं, नोझलच्या तोंडावर जमलेल्या थरावर. नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी असतात, तिथे थोडा थरही फवारा बिघडवतो. मोठ्या कंपन्यांचं महागडं डिझेल, एक्स्ट्राग्रीन वगैरे, त्यात हेच बसवलेलं असतं. इंजेक्टरची सुई आतून झिजली असेल तर मात्र कुठलंही साबण तिला भरून काढणार नाही.

तुमची लक्षणं पुन्हा वाचली. फक्त रात्रभर उभी राहिल्यावरचा पहिला स्टार्ट, बाकी दिवसभर ठीक, ॲव्हरेज तेच. घाणेरडा इंजेक्टर घड्याळ बघून त्रास देत नाही. मी मेकॅनिक नाही, पण मला हे डिझेल रात्री नळीतून मागे टाकीकडे उतरत असल्यासारखं वाटतं.

---

पारडी_नाका | १०:०२

काका बरोबर. एअर धरून राह्यली. फिल्टरच्या डोक्यावरचं ओ-रिंग, म्हंजे रबराची कडी, पाहा अन् पाइपाचे क्लिप. सकाळी स्टार्ट कराच्या आधी हातपंप दाबून पाहा. दाबल्यावर एका झटक्यात सुरू झाली तर समजून जा.

---

झिरोमाईल | पुढचा शनिवार, दुपारी १२:१५

अहवाल देतो.

सोमवारी सकाळी फिल्टरवरचा हातपंप दाबला. पहिले दहा-बारा दाब पोकळ गेले, मग कडक झाला. चावी फिरवली, अर्ध्या सेकंदात सुरू. मंगळवारी न दाबता, पुन्हा चार सेकंद. बुधवारी दाबून, पुन्हा झटक्यात. मग गाडी मिस्त्रीकडे नेली (तोच, टू-टी वाला). फिल्टरचं डोकं उघडलं तर ओ-रिंग चपटी होऊन एका जागी चिरलेली. डिझेल बाहेर गळत नव्हतं म्हणून कोणाला दिसलं नाही, हवा मात्र आत घेत होती.

फिल्टर बदलायच्या आधी तळाचा स्क्रू सैल करून निघेल ते बरणीत धरलं. बरणी आईच्या लोणच्याची, रिकामी होती म्हणून उचलली. आधी सगळं सारखंच गढूळ सोनेरी दिसलं. रात्रभर खिडकीत ठेवली. सकाळी तळाशी पाण्याचा गोल, साधारण दोन चमचे, त्यावर गंजाची लालसर धूळ, आणि पाण्याच्या कडेने डिझेल असं वर चढलेलं जसं परातीत तेलाची कड दिसते. दोन चमचे पाणी माझ्या फिल्टरमध्ये किती महिने बसलं होतं देव जाणे. टँकरपासून टाकीपर्यंत कुठेतरी शिरलं असणार.

नवा फिल्टर, नवी ओ-रिंग, एक पाइप क्लिप. खर्च बाटलीच्या तिप्पट. आज तिसरा दिवस, सेल्फला हात लावला की सुरू.

टकटक थोडी उरली आहे. मिस्त्रीने चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) चार बाटल्यांत सोडून बघितल्या. तीन बाटल्या सारख्या, तिसऱ्या नंबरची दीडपट भरली, म्हणजे तो इंजेक्टर आतून झिजतोय. म्हणतो, अजून वर्षभर चालेल, मग ठरवू. ते त्याचं मी मान्य केलंय. टू-टी चा आग्रह त्याने सोडलेला नाही.

---

दोनशेला_एक | १२:३०

मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा.

---

निवृत्त_रसायनी | १:०५

तिसऱ्या नंबरवर लक्ष ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच चार बाटल्या लावा आणि आकडे लिहून ठेवा. नुसतं 'जास्त' नको.

---

संत्र्याची_वाडी | १:२०

आईने बरणी परत घेतली का?

---

झिरोमाईल | १:३१

नाही. तीनदा घासली, उन्हात ठेवली, वास जात नाही. नवी बरणी आणावी लागली. जुनी आता दर तीन महिन्यांनी फिल्टरखाली लावायला गॅरेजच्या फळीवर ठेवली आहे.

आणि ती साडेतीनशेची बाटली सीलबंद डिकीत आहे. कोणाला पाहिजे असेल तर सांगा.

---

पारडी_नाका | १:४०

इकडं पाठवा. शटरच्या कडीले लय गंज चढून राह्यला.